दोन अक्षरांचा रकाना

बाई: कागद एकदा वाचला. खिडकीतला चष्मा तेवढा द्या मिस्त्री, म्हणजे पुन्हा एकदा वाचते. मला स्वतः उठायचं म्हटलं तर अजून दोन माणसं लागतात.

मिस्त्री: हा घ्या. सावकाश वाचा. घाई नाही, असं आमच्या कंपनीचे साहेब म्हणालेत. म्हणजे घाई आहे, परवा लिफ्टचे सरकारी निरीक्षक यायचेत. पण तुम्हाला घाई करायची नाही, असं म्हणालेत.

बाई: 'मी, पाचव्या मजल्यावरील रहिवासी, असे लिहून देते की, अपघाताच्या तीन दिवस आधी कंपनीच्या मेकॅनिकने लिफ्टची तपासणी केली होती व लिफ्ट ओके होती. लिफ्टमध्ये शिरताना तोल जाऊन मी पडले. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' आणि खाली माझी सही. तोल जाऊन.

मिस्त्री: तो ऑफिसचा शब्द आहे.

बाई: यातला तुमचा शब्द कोणता?

मिस्त्री: एकच. ओके. तो लिफ्टच्या रजिस्टरमध्ये माझ्या हातानं लिहिलेला आहे, खाली सही आहे. बाकीचं त्यांनी टाईप केलं.

बाई: मग कागद घेऊन ते का नाही आले?

मिस्त्री: अकरा वर्षं दर महिन्याला लिफ्टचं मशीन बघायला मी तुमच्याकडून गच्चीची किल्ली नेतो, म्हणून. साहेब म्हणाले, बाई तुला ओळखतात, तुझ्या तोंडाकडे बघून सही करतील. तुमची सही झाली की निरीक्षक फाईल मिटवतील, मग लिफ्टचं सील निघेल. तीन आठवडे सगळी बिल्डिंग जिन्यानं चढतेय. आत्ता येताना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पायरीवर बसलेल्या दिसल्या. शेजारी भाजीची पिशवी. म्हणाल्या, बाईंना म्हणावं एक सही काय ती करून टाका, आमच्या गुडघ्यांचा तरी विचार करा.

बाई: त्यांना मी काही बोलू शकत नाही. मी लिफ्टमध्ये पडले होते ते त्यांनीच पाहिलं. भांडायला आल्या होत्या.

मिस्त्री: भांडायला?

बाई: कसं झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही?

मिस्त्री: ऑफिसात एवढंच कळलं, बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

बाई: मग ऐका. सोमवार होता, सकाळचे सव्वादहा. वाचनालयाचं पुस्तक परत करायला निघाले. बटण दाबलं, लिफ्ट खालून रिकामी वर आली. मी बाहेरचं दार उघडलं, आतली जाळी सरकवली आणि पिशवीची चेन लावत पाय टाकला. बोटं कशाला तरी अडली आणि मी आत पालथी. लिफ्टची जमीन आमच्या मजल्याच्या वर थांबली होती. चार बोटं. पडल्या पडल्या मी मोजली.

मिस्त्री: रिकामी आली की वरच सरकते ती. दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड असतं ना, ते खाली जायला बघतं, मग लिफ्ट वर ओढली जाते. ब्रेकनं धरलं नाही की…

बाई: ब्रेकचं नंतर. आधी माझं संपू द्या. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, हे तुम्ही मला सांगायला नको. खालच्या मजल्यांवरून बटणं दाबायला सुरुवात झाली. मग वॉचमन खालून, लिफ्टच्या त्या विहिरीतून ओरडला. कोण आहे म्हणाला. मी म्हटलं, मी आहे. तो म्हणाला, बाई, ओके ना? मी म्हणाले, ओके.

मिस्त्री: हाड मोडलेलं असताना?

बाई: मोडलेलं असताना. आणि मला ते कळलं नव्हतं असंही नाही. पाय हलत नव्हता, बूट बाहेरच्या बाजूला वळला होता. तो म्हणाला, बरं, दार लावून घ्या, आणि पाण्याचा पंप सुरू करायला निघून गेला. त्याची काही चूक नाही. चाळीस मिनिटांनी वहिनी दोन मजले चढून वर आल्या. दार उघडं टाकणाऱ्याला फैलावर घ्यायचं ठरवूनच आल्या होत्या. मी खाली पडलेली दिसले, तरी तोंडून आधी 'अहो दार' एवढंच निघालं. मग त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या.

मिस्त्री: पण तुम्ही ओके का म्हणालात, बाई?

बाई: तीन आठवडे पडून मी तेच शोधतेय. दुसरं काम काय आहे? मुलगा रोज संध्याकाळी फोन करतो. फार लांब असतो, तिकडे तेव्हा त्याची दुपार असते. 'आई, ओके ना?' 'ओके.' 'बरं, ठेवतो मग.' चार वर्षं हेच चाललंय. त्यात त्याचं काही चुकत नाही, मीही कधी पुढचं वाक्य बोलले नाही. कोणी विचारलं की शिंक यावी तसं ते निघतं. आणि शाळेतही तेच. चौतीस वर्षं गणित शिकवलं. त्रैराशिक संपवून विचारायचे, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात ओके. त्याचा अर्थ समजलं असा नव्हता. बाई, आता घंटा होऊ द्या, असा होता. मी त्यांना सांगायचे, नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या दाखवा. पायऱ्या नसतील तर मी अर्धे गुण कापायचे. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी नुसतं उत्तर दिलं. तेही चुकीचं.

मिस्त्री: दुखत असताना माणूस काहीही बोलतो.

बाई: दुखत असताना माणूस ओरडतो. असो. आता तुमचं सांगा. रजिस्टरमधल्या ओकेचा अर्थ काय?

मिस्त्री: अर्थ म्हणजे… सगळं बरोबर आहे.

बाई: हा शब्दकोशातला झाला. तुमचा सांगा.

मिस्त्री: काय आहे बाई, मी या कामात शिरलो तेव्हा आमचे एक वस्ताद होते. त्यांच्या वेळची रजिस्टरं साधी वहीसारखी, नुसत्या रेघा. ते वाक्यं लिहायचे. 'मोटारीतून आवाज येतो, सोमवारी परत बघणार.' 'दोराच्या दोन तारा तुटल्या आहेत, चिठ्ठी देऊन सांगितले.' पुढचा माणूस आला की त्याला आधी ते वाचावंच लागायचं. मग कंपनीनं छापील रजिस्टर आणलं. तारीख, वेळ, सही आणि शेवटी शेरा. तो शेऱ्याचा रकाना तुम्ही बघा एकदा. एवढासा आहे, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. त्यात दोनच अक्षरं मावतात. दुसरं काही लिहायचं असलं तर वेगळा फॉर्म, त्यावर तीन सह्या, आणि तोवर लिफ्ट बंद. लिफ्ट बंद झाली की लोक ऑफिसला फोन करणार, ऑफिस मला. म्हणून सगळे तेच लिहितात. आवाज येत असेल तरी तेच. हळूहळू त्याचा अर्थ एवढाच उरला, की मी आलो होतो.

बाई: मी आलो होतो.

मिस्त्री: हो. आलो, बघितलं, गेलो.

बाई: आणि त्या शुक्रवारी? तेव्हाही एवढाच होता?

मिस्त्री: जरा पाणी घेऊ का?

बाई: घ्या की. माठ तिथंच आहे, मी उठून देऊ शकत नाही. एरवी मागावं लागत नाही तुम्हाला.

मिस्त्री: त्या दिवशी नाही. त्या दिवशी त्याचा अर्थ तोही नव्हता. मी वर मशीनच्या खोलीत गेलो, ब्रेक उघडला. ब्रेकच्या दोन जबड्यांना आतून पट्टी असते, लायनर म्हणतो आम्ही, ती चाकाला घट्ट धरते म्हणून लिफ्ट जागच्या जागी थांबते. ती झिजून झिजून एका बाजूला पार लोखंड लागलं होतं. मी लिफ्ट रिकामी वरखाली करून बघितली. वर येताना दोन बोटं पुढे सरकत होती. म्हटलं, ही चालवायची नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला. म्हटलं, लायनर संपलंय, बंद ठेवतो. ते म्हणाले, स्टोअरमध्ये माल नाही, सोमवारी येतोय, शनिवार-रविवार लोक घरी असतात, बंद केलीस तर माझा फोन वाजत राहील. सोमवारपर्यंत चालव, ओके? मी म्हटलं, ओके.

बाई: आणि आता ते काय म्हणतात?

मिस्त्री: आता म्हणतात, मी तुला विचारलं होतं. ओके का म्हणून विचारलं, तू ओके म्हणालास. मेकॅनिक तू, तपासलंस तू. फोनवर त्यांच्या ओकेच्या पुढे प्रश्नचिन्ह होतं म्हणतात, माझ्याच्या पुढे नव्हतं.

बाई: ऐकणाऱ्याला प्रश्नचिन्ह दिसत नाही.

मिस्त्री: नाही दिसत. मला तो हुकूम वाटला. त्यांना परवानगी मागितल्यासारखं वाटत असेल, कोण जाणे. एकवीस वर्षं नोकरी केली बाई, मला कधी कोणी परवानगी मागितलेली नाही.

बाई: दोन बोटं शुक्रवारी आणि चार सोमवारी.

मिस्त्री: शनिवार-रविवार बिल्डिंगमध्ये बरीच येजा असणार. साहेब म्हणाले तसे लोक घरी बसले नाहीत. लोखंडावर लोखंड घासलं की मग दिवसाचा हिशेब राहत नाही.

बाई: बरं. हे सगळं मला का सांगताय? सही घ्यायला आलात. हे न सांगता कागद पुढे केला असता तर कदाचित केलीही असती. वहिनींचे गुडघे खरंच वाईट आहेत.

मिस्त्री: एक अजून आहे. ते साहेबांना माहीत नाही.

बाई: सांगा.

मिस्त्री: त्याच दिवशी किल्ली परत द्यायला मी तुमच्या दाराशी आलो होतो. तुम्ही विचारलंत, झालं का, सगळं ओके? मी म्हटलं, ओके बाई.

बाई: हो.

मिस्त्री: तुमच्या लक्षात आहे?

बाई: आहे. तुम्ही पाणी प्यायला आत आला नाहीत. किल्ली खुंटीवर लावता नेहमी, त्या दिवशी माझ्या हातात दिलीत आणि जिन्यानं उतरलात. लिफ्टनं नाही. मी दाराशी उभी राहून तुमच्या पायांचा आवाज ऐकला. मनात आलं, आज जिन्यानं का? मग गॅसवर दूध होतं ते आठवलं आणि आत गेले.

मिस्त्री: म्हणजे तुम्हाला कळलं होतं.

बाई: नाही. प्रश्न पडला होता. कळलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण मी विचारून झालं होतं आणि तुम्ही उत्तर दिलं होतं. व्यवहार पुरा झाला.

मिस्त्री: रजिस्टरचं मला तेवढं वाटत नाही. रजिस्टर कोण वाचतं? पण तुम्ही समोर उभ्या होतात. मी म्हणू शकलो असतो, बाई, दोन दिवस जिन्यानं जा. एवढंच. कोणाची सही लागत नव्हती त्याला. ऑफिसला कळलंही नसतं. तीन आठवडे मी घरी जेवायला बसलो की तेच समोर येतं. तुम्ही दारात, हातात किल्ली.

बाई: मी तुम्हाला आता 'जाऊ द्या, होतं असं' म्हणायला हवं. तसं म्हणतात. पण तसं मला वाटत नाही, म्हणून म्हणत नाही. रागावलेही नाही अजून. कदाचित पुढे येईल राग, चालायला लागले की.

मिस्त्री: येऊ द्या. तो बरोबरच आहे.

बाई: या कागदावर सही होणार नाही. तोल माझा गेला नव्हता. परवा निरीक्षक आले की मी माझं लिहून देईन, काय पाहिलं आणि काय ऐकलं तेवढंच. वॉचमनला मी काय म्हणाले तेही त्यात असेल.

मिस्त्री: ते कशाला? त्यानं तुमचीच बाजू लंगडी होईल. ते म्हणतील, स्वतः ओके म्हणाल्या म्हणून उपचाराला उशीर झाला.

बाई: म्हणू देत. तसंच झालं. आणि दाराशी तुम्ही काय म्हणालात तेही त्यात येईल. ते गाळून बाकीचं लिहिता येणार नाही मला. म्हणून आधीच सांगते.

मिस्त्री: मग माझी नोकरी गेली.

बाई: जाईल कदाचित. तुम्ही साहेबांच्या बाजूनं उभे राहिलात तरी जाईल, फक्त उशिरा. पण तो माझा अंदाज झाला, तो धरून चालू नका. तुम्ही काय लिहावं हे मी सांगणार नाही. दोन मुली आहेत तुमच्या, मोठी यंदा कॉलेजला गेली, तुम्हीच सांगितलं होतं. घरी जा. बायकोशी बोला.

मिस्त्री: बायकोशी बोललो तर लिहिणार नाही.

बाई: का? ती नको म्हणेल?

मिस्त्री: ती नको नाही म्हणणार. ती नुसतं ताट वाढेल. मग मीच नको म्हणेन. वही आहे का एखादी? पेन आहे माझ्याकडे.

बाई: त्या कपाटात, खालच्या कप्प्यात. चौकटीची आहे, गणिताची. तीच घ्या. रकाने सोडून कुठेही लिहा.

मिस्त्री: मला लिहायला वेळ लागतो.

बाई: मला कुठं जायचंय?

मिस्त्री: झालं. वाचू? शुद्धलेखन बघू नका. 'शुक्रवारी मी लिफ्टचा ब्रेक उघडून पाहिला. एका बाजूचे लायनर झिजून लोखंड दिसत होते. रिकामी लिफ्ट वर जाताना दोन बोटे पुढे सरकत होती. लिफ्ट बंद ठेवायला पाहिजे हे मला कळले होते. मी साहेबांना फोन केला. त्यांनी सोमवारपर्यंत चालू ठेवायला सांगितली आणि मी ठेवली. रजिस्टरमध्ये मी लिहिले ते खरे नव्हते. बाईंनी दाराशी विचारले तेव्हा त्यांनाही मी खरे सांगितले नाही.' खाली सही केली आहे.

बाई: शेवटचं वाक्य निरीक्षकांना लागणार नाही.

मिस्त्री: माहीत आहे. राहू द्या.

(दहा आठवड्यांनंतर. तीच खोली, सकाळची वेळ.)

बाई: बसा ना. उभे का? खुर्चीवर कपडे आहेत ते बाजूला करा.

मिस्त्री: तुम्ही दार उघडायला आलात म्हणून बघत होतो. एकट्या आलात.

बाई: वॉकर धरून. दारापर्यंत बावीस पावलं आहेत, आधी चौदा होती. पावलं लहान झाली. तुमचं सांगा. वॉचमनकडून उडत उडत कळलं होतं, खरं किती ते माहीत नाही.

मिस्त्री: निरीक्षकांनी माझा कागद वाचला, साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, फोन आला होता, पण असं काही बोलणं झालं नाही. फोन झाला हे कळतं, काय बोललो हे कुठं उमटत नाही. मग निरीक्षकांनी ब्रेक उघडायला लावला. ब्रेकनंच सांगितलं सगळं. कंपनीला दोष लागला, पूर्ण ब्रेक नवा बसवायला लावला. आणि कंपनीनं मला घरी बसवलं. खोटी नोंद केली म्हणून. ते खरंच आहे, केली होती.

बाई: आणि साहेब?

मिस्त्री: आहेत तिथंच. शेऱ्याचा रकाना मात्र मोठा केला म्हणतात. माझ्या जागी आलेला माणूस सांगत होता, आता चार ओळी लिहाव्या लागतात, वैताग आलाय.

बाई: तुम्ही काय करता आता?

मिस्त्री: एका गोदामात मालाची लिफ्ट आहे, तिच्यावर असतो. माणसं चढत नाहीत तिच्यात, पोतीच चढतात. काम बरं आहे. घरापासून लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात. मोठीनं शिकवण्या धरल्यात, मी सांगितलं नव्हतं.

बाई: बायको काय म्हणाली?

मिस्त्री: चार दिवस नुसतं ताट वाढत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, लिहिलंत ते लिहिलंत, त्या बाईंना चालता येतं का ते तरी बघून या. पण माझाच पाय निघत नव्हता. आज तिनं डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, आधी तिकडे, मग गोदामात.

बाई: तिला सांगा, चालता येतं, वॉकर लागतो. डाव्या पायावर पूर्ण भार अजून टाकता येत नाही. रात्री कूस बदलताना दुखतं, दिवसा नाही.

मिस्त्री: एवढं सगळं सांगतो.

बाई: मुलालाही असंच सांगते आता. तो आठ दिवस येऊन गेला. आता फोनवर विचारतो, पाय किती वर जातो. मी त्याला अंशात सांगते. काल साठ होता. आता तो फोन लगेच ठेवत नाही.

मिस्त्री: आणि बिल्डिंगमधली माणसं?

बाई: लिफ्ट आणखी एकोणीस दिवस बंद राहिली, ती माझ्यामुळे. वहिनी जिन्यात माझ्या कामवाल्या बाईंशी बोलतात, माझ्याबद्दल विचारत नाहीत. समजू शकते मी. एकोणीस दिवस, दिवसातून दोनदा, तीन मजले. गुणाकार कोणीही करेल.

मिस्त्री: आता तर सुरू झाली ना? दीड महिना झाला असेल.

बाई: झाला. मी अजून बसले नाही.

मिस्त्री: मग खाली कशा जाता?

बाई: गेलेच नाही. दवाखान्यातले व्यायामाचे शिक्षक घरी येतात. पण आज एक्स-रे आहे, तो काही घरी येत नाही. अकराला पोचायचंय. वॉचमन म्हणाला, बाई, लिफ्ट आता एकदम ओके आहे, बिनधास्त या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तेच सांगितलं. तुमच्या जागी आलेले ते नवे गृहस्थ किल्ली न्यायला आले तेव्हा तेही तेच म्हणाले. तिघेही खरंच बोलत असतील. पण दारापर्यंत जाते आणि परत येते. काल दोनदा गेले.

मिस्त्री: मी बघून येऊ का? मशीनला हात लावता येणार नाही मला, ते आता दुसऱ्याचं आहे. पण बाहेरून बघता येतं.

बाई: तेच म्हणणार होते, पण मागावं कसं कळत नव्हतं.

मिस्त्री: दहा-पंधरा मिनिटं लागतील. तोवर तुम्ही चपला घाला.

बाई: बूट घालते. मिस्त्री, खरंच जे दिसेल ते सांगा. चांगलंच सांगायला हवं असं नाही.

मिस्त्री: हो.

बाई: झालं? मी आपली दाराशीच येऊन थांबले. वर-खाली, वर-खाली आवाज येत होता.

मिस्त्री: दहा वेळा रिकामी वर आणली, दहा वेळा हात लावून बघितलं. आठ वेळा मजल्याला सपाट थांबली. दोनदा अर्धं बोट वर. नवीन ब्रेकला एवढं असतं, पण असतं. आवाज स्वच्छ आहे. मी आत बसून दोन वेळा खाली जाऊन आलो, भार असला की सपाटच थांबते. दाराची जाळी खाली जरा अडते, जोर लावावा लागतो, तो तुम्ही लावू नका. वरच्या खोलीत काय आहे ते मला माहीत नाही, ते मी बघितलेलं नाही.

बाई: चला मग. पिशवी तुमच्या खांद्याला लावा, आतमध्ये जुना एक्स-रे आहे, वाकवू नका.

मिस्त्री: लावली. सावकाश. इथं फरशी संपते.

बाई: आत्ता कशी आहे?

मिस्त्री: आत्ता अर्धं बोट वर आहे. वॉकर आधी आत ठेवा. मग उजवा पाय उचला, मग डावा.

बाई: आणि तुम्ही?

मिस्त्री: मी इथंच आहे. दार धरलंय.